कल्पनेतील डोळा व खरी नोंदवही

विज्ञानकथा वाचणे म्हणजे अभ्यासाच्या वेळेचा अपव्यय, असा ग्रह आमच्या पालकवर्गात अद्यापही आढळतो. चंद्रावरच्या गोष्टी वाचून परीक्षेत गुण मिळतात काय, असा वडील मंडळींचा सवाल असतो. आमचे मत याहून वेगळे आहे. उत्तम विज्ञानकथा मुलांस यंत्राची ओळख करून देते, हा तिचा लहान गुण. ते यंत्र कोणाच्या हाती गेले असता काय होईल, हे ती यंत्र येण्यापूर्वीच विचारते, हा तिचा मोठा गुण होय. सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरील आमच्या वळसंगातही आज जी यंत्रे घरोघर येऊन पोहोचली आहेत, ती पाहता हा प्रश्न विचारण्याची सवय मुलांस व पालकांस, दोघांसही लागणे अगत्याचे झाले आहे.

ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाने १८६५ साली चंद्राकडे निघालेल्या प्रवाशांची कादंबरी प्रसिद्ध केली, आणि १९६९ साली मनुष्याचे पाऊल खरोखरच चंद्रावर पडले. अशा कथा वाचून मनास उत्साह येतो. परंतु सर्वच कथा 'असे व्हावे' म्हणून लिहिलेल्या नसतात. काही 'असे होऊ नये' म्हणून लिहिलेल्या असतात. जॉर्ज ऑर्वेल या इंग्रज लेखकाची 'नाइन्टीन एटी-फोर' ही १९४९ सालची कादंबरी या दुसऱ्या प्रकारची आहे. या लेखकाचा जन्म १९०३ साली बिहारातील मोतिहारी येथे झाला, व तारुण्यात त्याने ब्रह्मदेशात पोलीस अधिकाऱ्याची नोकरी केली. त्याच्या कथेत घरच्या भिंतीवर एक पडदा असतो. त्यावर चित्रे दिसतात, आणि त्याच पडद्यातून सरकार घरातील माणसांस पाहते व त्यांचे बोलणे ऐकते. आज आमच्या खिशातील मोबाइल आम्ही कोठे गेलो, काय शोधले, काय विकत घेतले, याची टिपणे आम्हीच न वाचता दिलेल्या परवानगीच्या बळावर ठेवू शकतो. भेद एवढाच की, ऑर्वेलच्या कथेतील पडदा लोकांवर लादलेला होता. आमचा आम्ही पदरचे पैसे मोजून आणला आहे.

येथे कोणी म्हणेल, ही शहरांची चिंता झाली. खेड्यास तिचे काय? तर आम्ही सांगू की, आपल्या देशातील या विषयाचे एक मोठे प्रकरण महाराष्ट्राच्या एका खेड्यातच सुरू झाले. नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. बारा अंकी क्रमांक, दहा बोटांचे ठसे, दोन्ही डोळ्यांच्या बुबुळांची प्रतिमा व छायाचित्र, एवढ्यावर कोट्यवधी माणसांतून एक माणूस ओळखावयाचा, ही योजना शंभर वर्षांपूर्वी कोणी कथेत घातली असती तर ती अद्भुत म्हणून गणली गेली असती. तिचे लाभ आम्ही नाकारीत नाही. ज्याच्यापाशी जन्माचा दाखला नाही, घराचा उतारा नाही, अशा गरिबास 'मी अमुक' असे सिद्ध करण्याचे साधन मिळाले, ही गोष्ट लहान नव्हे.

तथापि, बोटांचा ठसा व माणसांची नोंद या गोष्टी आमच्या जिल्ह्यास नव्या नाहीत. इंग्रज सरकारने १८७१ साली 'गुन्हेगार जमाती' कायदा केला, आणि १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती मुंबई इलाख्यापर्यंत पोहोचली. कैकाडी, पारधी, कंजारभाट इत्यादी समाजांतील माणसे जन्मानेच गुन्हेगार मानली गेली. सोलापुरात त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणाची वसाहत होती. त्या भागास आजही लोक 'सेटलमेंट' म्हणतात. नोंद झालेल्या माणसाच्या बोटांचे ठसे घेण्याचा अधिकार त्या कायद्याने सरकारला दिला होता. ठरल्या वेळी हजेरी द्यावयाची, बाहेर जाणे झाल्यास परवाना घ्यावयाचा, असा क्रम होता. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा देशभर रद्द झाला. परंतु नोंदवहीतील एका शब्दाने माथी बसलेला शिक्का पुसण्यास त्या समाजांस पिढ्या लागल्या, व तो अद्याप पुरता पुसला गेला नाही.

तेव्हा तेथे ना संगणक होता, ना कॅमेरा. शाई, कागद व कुलूप लावलेले कपाट एवढीच सामग्री होती. यावरून आम्ही असे म्हणतो की, भय यंत्राचे नसून नोंदवहीचे आहे. ती कोणाच्या हाती आहे, तीत काय लिहिले आहे, आणि ज्याच्याविषयी लिहिले त्याला ती वाचण्याचा व खोडून घेण्याचा अधिकार आहे की नाही, हा खरा प्रश्न होय. यंत्राने एवढेच केले की, पूर्वी एका कपाटात मावणारी वही आता क्षणात देशभर जाऊ शकते. शिवाय यंत्र चुकतेही. वर्षानुवर्षे कष्टाने झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्रास पुष्कळदा वाचता येत नाही. विडी वळणाऱ्या व माग चालविणाऱ्या हातांच्या या सोलापूर जिल्ह्यात ही गोष्ट विसरून चालणार नाही.

"ज्याने काही वाईट केले नाही त्याला लपविण्याचे कारण काय?" हा युक्तिवाद आम्ही वारंवार ऐकतो. त्यास उत्तर म्हणून आमच्या भाषेतीलच एक गोष्ट सांगतो. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची कथा आली. लेखकाचे नाव नारायण विनायक जगताप. कथेस पहिले पारितोषिक मिळाले, आणि मग कळले की हे लेखक म्हणजे प्रख्यात शास्त्रज्ञ डॉ. जयंत विष्णु नारळीकर. आपल्या कीर्तीचे दडपण परीक्षकांवर पडू नये म्हणून त्यांनी स्वतःच्या नावाची आद्याक्षरे उलटी करून हे नाव घेतले होते. २० मे २०२५ रोजी दिवंगत झालेल्या या थोर पुरुषाने नाव झाकले, ते न्याय व्हावा म्हणून. पाप दडविण्यासाठी नव्हे. घराला दार असते ते केवळ चोरासाठी नसते. आतली माणसे जशी आहेत तशी निर्धास्त राहावीत, म्हणूनही ते असते.

कायद्यानेही आता हे मान्य केले आहे. शेजारच्या कर्नाटकातील निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने निर्णय दिला की, खासगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. पुढे २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा झाला. अठरा वर्षांखालील मुलाची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची संमती घ्यावी, हे त्यातील एक मुख्य तत्त्व आहे.

आता पालकांस दोन शब्द. बदलापूर येथील दुर्दैवी घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य शासनाने शाळाशाळांतून सीसीटीव्ही बसविण्याचा आदेश काढला. आम्ही त्याचे स्वागतच करतो. लेकरांच्या रक्षणासाठी ठेवलेला डोळा आणि लेकरांच्या मागे लावलेला डोळा यांत अंतर आहे. परंतु ते अंतर आपोआप टिकत नाही. विचारणारे पालक असतील तरच ते टिकते. हे चित्रण कोण पाहतो? किती दिवस ठेवले जाते? दुसऱ्या कोणास दिले जाते काय? विद्यार्थ्यांच्या 'अपार' क्रमांकासाठी संमतिपत्र घरी येते, तेव्हा ते वाचून मगच सही अगर अंगठा करावा. ज्यांस वाचता येत नाही त्यांनी ते मुलाकडून वाचवून घ्यावे. असे विचारणे म्हणजे शाळेवर अविश्वास नव्हे. चांगल्या शाळेस असे प्रश्न आवडावयास हवेत.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्या हातीही आज एक डोळा आहे. पडलेल्या, रडणाऱ्या अगर उत्तर चुकलेल्या सोबत्याचे छायाचित्र त्याला न विचारता गावभर धाडणे, ही तुमच्या हातून भरली जाणारी नोंदवहीच होय, आणि तीतील नोंद तुम्हांस पुसता येणार नाही. तेव्हा विज्ञानकथा अवश्य वाचा. यंत्र कसे चालते ते शिका, उद्या नवे यंत्रही घडवा. मात्र ते घडविताना ज्याची नोंद होणार आहे त्याच्या जागी क्षणभर स्वतःस उभे करून पाहा, एवढेच आमचे मागणे आहे.