पूर्वपक्षाची हेळसांड

अहिल्यानगर जिल्ह्यातील वक्तृत्वस्पर्धांस परीक्षक म्हणून आम्ही पुष्कळ वेळा बसलो आहोत. तेथे मुलांस पढविलेला डाव ठरलेला: प्रतिपक्षाचे म्हणणे आधी विद्रूप करावे, मग त्यास लीलेने लोळवावे. टाळ्या पडतात, पटत मात्र कोणासच नाही. याच जिल्ह्यातील नेवाशास शके १२१२ (इ. स. १२९०) मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, याचा आम्हांस अभिमान केवळ उत्सवापुरता! त्याच ज्ञानेश्वरांच्या ‘अमृतानुभवा’चे सातवे प्रकरण, दहांतील सर्वांत दीर्घ, अज्ञानखंडनास वाहिलेले आहे. उपहास तेथेही आहे; पण भिस्त त्यावर नाही. अज्ञान आहे असे घटकाभर मान्य करूनच ते विचारतात, ते राहते कोठे? ज्याच्या आश्रयास राहील त्यास ते नेणता करणारच. मग ‘अज्ञान आहे’ असे जाणून सांगणार कोण? व्याख्या प्रतिपक्षाचीच, निर्णय तेवढा उलटा. यास वेळ लागतो, हे खरे. परंतु घंटेच्या धाकाने पूर्वपक्षावर कात्री चालविणाऱ्या गुरुजनांस आमचा सवाल आहे: तो प्रामाणिकपणे मांडणाऱ्या मुलास आपण कधी एक तरी गुण अधिक दिला आहे काय? आम्ही स्वतः, सांगावयास लाज वाटते, कित्येक वर्षे दिला नाही.