किल्ली कोणाच्या खिशात?

१४ एप्रिलला बोरीत आणि आसपासच्या गावांत हल्ली उंच चाकांच्या गाड्या दिसतात. बॉनेटवर निळा झेंडा, काचेवर बाबासाहेब. कुणाची हप्त्यावर घेतलेली थार, कुणाची जुनी बोलेरो. यावर नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. ज्यांच्या आजोबांच्या दारात जीप उभी होती, त्यांना आमच्या पोरांची थार खुपते. त्यांना आम्ही उत्तर देत बसणार नाही. ज्यांना घोड्यावर बसू दिले नाही, त्यांनी उंच गाडीत बसावे यात आम्हाला आनंदच आहे.

आमचे बोलणे आमच्याच तरुणांशी आहे. रस्ता संपतो तिथून पुढे चालणारी गाडी आपल्या समाजाला हवीच आहे. पण ती कुठे चालवायची, तिच्यात काय वाहायचे, ती दुरुस्त कोण करणार आणि तिची किल्ली कोणाच्या खिशात राहणार, हे प्रश्न टाळून घेतलेली गाडी वर्षभरात ओझे होते.

१९२९ साली चाळीसगावात काय घडले ते आठवा. बाबासाहेब सरकारी समितीच्या कामावरून परतत होते. स्टेशनवरून महारवाड्यात न्यायला एकही टांगेवाला तयार होईना. अस्पृश्याचा टांगा हाकणे त्यांना कमीपणाचे वाटत होते, समोर बॅरिस्टर असला तरी. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, पण हाकणारा मिळाला नाही. वस्तीतल्याच एका माणसाने लगाम धरला. त्याला टांगा हाकण्याची सवय नव्हती. पुलावर टांगा उलटला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये त्यांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे.

या प्रसंगात जातीचा माज दिसतो, तसा आपल्यासाठी धडाही दिसतो. वाहन दुसऱ्याचे, आणि हाकायचे कौशल्यही दुसऱ्यांकडेच. म्हणून आपल्या नेत्याचा पाय मोडला. मालकी आणि कौशल्य, दोन्ही आपल्याकडे असल्याशिवाय वाहन आपले होत नाही.

आता आपली जमीन कुठे आहे ते पाहा. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले. १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरची अतिक्रमणे नियमित करण्याची वाट उघडली. दादासाहेबांच्याच नावाच्या सबळीकरण योजनेत भूमिहीन कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन मिळू शकते. पण गायरान म्हणजे गावाने नांगरायला नको म्हणून सोडलेली जमीन. मुरमाड, उताराची, शिवाराच्या टोकाला. तिथपर्यंत धड पांदणही नसते. काळ्या रानात तर दोन पाऊस पडले की माणसाचा पायही निघत नाही. ज्याच्याकडे ट्रॅक्टर आहे तो आधी स्वतःचे रान उरकतो, मग भावकीचे आणि शेवटी आपले. तोवर वाफसा गेलेला असतो. पेरणीचा दिवस दुसऱ्याच्या मर्जीवर असेल, तर सातबाऱ्यावरचे नाव काय कामाचे?

साध्या ट्रॅक्टरची ताकद फक्त मागच्या चाकांना मिळते. चिखलात ते चाक जागीच फिरते, खड्डा करते आणि रुतते. फोर बाय फोरमध्ये पुढची चाकेही ओढतात. म्हणून आपल्या रानाला लहान, पण फोर बाय फोर ट्रॅक्टर हवा.

हिशेब मांडू. दहा लाखांचे कर्ज, दहा टक्के व्याज, सात वर्षे. महिन्याला सुमारे १६,६०० रुपये हप्ता आणि अखेरीस जवळपास १४ लाखांची फेड. हे एका घराच्या डोक्यावर. दुसरीकडे, २०१२ पासून अनुसूचित जाती व नवबौद्धांच्या बचत गटांसाठी मिनी ट्रॅक्टरची योजना आहे. ९ ते १८ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आणि उपसाधने, साडेतीन लाखांची मर्यादा, त्यात ३,१५,००० रुपये अनुदान आणि ३५,००० गटाचे. दहा जणांच्या गटात माणशी ३,५००. किंमत मर्यादेपेक्षा जास्त असेल तर वरची रक्कम गटाने भरायची. फोर बाय फोर घ्यायचा तर ही तयारी ठेवावी लागेल. तरीही थारच्या काही महिन्यांच्या हप्त्यांत गटाचा वाटा उभा राहतो.

खरा धोका पुढे आहे. गटात किमान ऐंशी टक्के सदस्य आणि अध्यक्ष-सचिव आपलेच असावेत, अशी अट आहे. कागदावर ती पाळली जाते. पण कुणी पुढारी ‘तुमचे ३५,००० मी भरतो’ म्हणत येतो, सह्या-अंगठे घेतो आणि ट्रॅक्टर त्याच्या वाड्यात उभा राहतो. अनुदान आपल्या जातीच्या नावावर आणि किल्ली त्याच्या खिशात. हा ट्रॅक्टर विकायला मनाई आहे, आणि असा कागदी सौदा म्हणजे चोरवाटेने केलेली विक्रीच. दहा-वीस हजारांसाठी जो सही विकतो, तो आपल्या दहा घरांची पेरणी विकतो.

किल्ली मिळाली, तर ती सांभाळायची अक्कलही मिळवू. डांबरी रस्त्यावर आले की फोर बाय फोरचा दांडा सोडायचा, नाही तर पुढची टायरे झिजतात आणि गिअरवर ताण येतो. टायर बदलताना कंपनीने ठरवलेलेच माप, कारण पुढच्या-मागच्या चाकांचा मेळ चुकला की दुरुस्तीत हजारो जातात. पुढच्या एक्सलचे ऑइल वेगळे असते, ते पाहायचे. चिखलातून आल्यावर ऑइल सील धुऊन तपासायचे. धुळीच्या दिवसांत एअर फिल्टर रोज. ऑइल बदलायचे ते मीटरवरच्या तासांनुसार. प्रत्येक गटात हे काम शिकलेले दोघे हवेत आणि त्यातली एक बाई असावी. वहीत तास, डिझेल, भाडे आणि दुरुस्ती रोज लिहिली पाहिजे.

ओझ्याचेही तसेच. मोठ्या ट्रॅक्टरची ट्रॉली मिनीला लावायची नाही. उतारावर भरलेली ट्रॉलीच त्याला ढकलत नेते. ट्रॉली खालच्या हुकलाच जोडायची. वर बांधली तर चढावर पुढची चाके उचलून ट्रॅक्टर मागे उलटतो. आणि ट्रॉलीत माणसे भरायची नाहीत. ४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड जिल्ह्यातल्या आलेगाव शिवारात मजूर बायांना नेणारा ट्रॅक्टर विहिरीत कोसळला. हिंगोली जिल्ह्यातल्या गुंज गावच्या ७ जणी बुडाल्या. हळदीच्या कामाला निघालेल्या त्या बायांची किंमत शेणखताच्या खेपेइतकीच धरली गेली होती. आपला ट्रॅक्टर आला म्हणून आपणही आपल्या आयाबहिणींना तसेच कोंबणार असू, तर फक्त मालक बदलला, व्यवस्था तीच राहिली.

म्हणून आमच्या मागण्या दोन. समाज कल्याण खात्याने अनुदान देऊन हात झटकू नयेत. दिलेला प्रत्येक ट्रॅक्टर आज कोणाच्या दारात उभा आहे, याची पाहणी करून यादी जाहीर करावी. ही माहिती माहितीच्या अधिकारात मागता येते. प्रत्येक तालुक्यातून एक अर्ज गेलाच पाहिजे. दुसरी मागणी तुमच्याकडे. पुढच्या जयंतीला थार जरूर आणा. पण तिच्या पुढे गटाचा ट्रॅक्टर असू द्या, मडगार्डला चिखल लागलेला, आणि स्टिअरिंगवर वस्तीतली एखादी बाई. ती मिरवणूक गावाला जास्त कळेल.

जय भीम!