डॉक्टर किती तास जागे आहेत?

गेल्या महिन्यात सकाळच्या राउंडला एका केसपेपरवर इन्सुलिनचे ४ युनिट हवे होते, तिथे ४० लिहिलेले दिसले. रात्रपाळीच्या सिस्टरना शंका आली म्हणून त्यांनी डोस थांबवून ठेवला होता. लिहिणारी निवासी डॉक्टर आमच्या युनिटमधली सर्वांत काटेकोर मुलगी. "कधीपासून ड्यूटीवर आहेस?" मी विचारले. तिला पटकन आठवेना. आदल्या दिवशी सकाळी आठपासून, म्हणजे २५ तास. पुढे ओपीडी होतीच. त्या ड्यूटीच्या तक्त्यावर सही माझी होती.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये 'बर्नआउट'ची व्याख्या केली, ती आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणातून येणारी अवस्था म्हणून. खुणा तीन : गळून जाणे, कामापासून मनाने तुटणे आणि आपल्या हातून काही धड होत नाही असे वाटणे. रुग्णाला यातली दुसरी खूण आधी दिसते. डॉक्टर मान वर करत नाहीत, "छातीत जड वाटतंय" हे वाक्य पुरे होण्याआधीच ॲसिडिटीची गोळी लिहून मोकळे होतात. लोक त्याला माज म्हणतात. कधी कधी तो माज असतोही. पण दरवेळी नाही.

१९९७ साली 'नेचर'मध्ये आलेल्या अभ्यासानुसार, सलग १७ तास जागे राहिल्यावर माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्याइतकी घसरते. आपल्याकडे ०.०३ टक्क्यांच्या वर गेल्यास गाडी चालवणे गुन्हा आहे. इंजेक्शनचा डोस लिहायला मात्र हरकत नाही! २००४ मध्ये बोस्टनमध्ये अतिदक्षता विभागांत असे आढळले, की २४ तास किंवा त्याहून लांब पाळ्यांच्या वेळापत्रकात इंटर्नकडून गंभीर चुका सुमारे ३६ टक्के जास्त झाल्या.

सलग ड्यूटी साधारणतः १२ तासांपलीकडे नसावी, असे केंद्राच्या १९९२च्या निवासी डॉक्टर योजनेतच लिहिले आहे. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाने आठवड्याला कमाल ७४ तासांची शिफारस केली. कागद कमी नाहीत.

अडतेय ते आमच्या पिढीपाशीही. "आम्ही छत्तीस-छत्तीस तास केलंय," हे मीही ऐटीत सांगत आलो. तेव्हा आमच्या हातून काय काय चुकले, हे कोणी मोजले नव्हते. आता डॉक्टरांसाठी ध्यानाच्या कार्यशाळा होतात. आमच्याकडच्या कार्यशाळेत निम्मे निवासी डॉक्टर झोपले. मला तरी तोच तिचा उपयोग वाटला.

पाळ्या लहान केल्या की रुग्ण एका हातातून दुसऱ्या हातात जास्त वेळा जातो आणि त्यात माहिती गळते, हा आक्षेप खरा आहे. म्हणून आम्ही हँडओव्हर लेखी आणि रुग्णाच्या खाटेपाशीच करायला लागलो आहोत. रात्रीची ड्यूटी केलेल्याने सकाळी नऊनंतर नवी ऑर्डर लिहायची नाही, घरी जायचे. इन्सुलिनचा डोस आकड्यात आणि अक्षरातही.

याने भागत नाही. मंजूर पदे भरली गेली नाहीत, तर सुट्टी देतो त्याचे काम दुसऱ्याच कोणा दमलेल्याच्या अंगावर पडते. पुढच्या महिन्याचा तक्ता टेबलावर आहे. दोन रात्रींना अजून नाव मिळालेले नाही. त्या मुलीचे तिथे लिहायचे नाही, एवढे मी ठरवले आहे.