परवाना कोणाच्या नावाचा?

वातानुकूलनाची आणि उष्णता देणारी यंत्रे बसविणाऱ्या कंत्राटदारांना परवाना सक्तीचा करावा, अशी मागणी निघाली की आपल्यातील काही साथी बिचकतात. परवाना म्हणजे लाच आणि लाच म्हणजे गरीब कारागिराच्या पोटावर पाय, असा त्यांचा युक्तिवाद असतो. ‘परवाना-राज’ ही भांडवलदारांची आवडती शिवी १९९१ नंतर आपल्याही तोंडी बसावी, याचे वैषम्य वाटते.

गोसीखुर्दच्या माणसाला कंत्राटदारांच्या नोंदणीची महती सांगणे अवघड आहे, हे मान्य. १९८८ साली पायाभरणी झालेल्या या प्रकल्पाचा ३७२ कोटींचा मूळ अंदाज १८ हजार कोटींच्या पुढे गेला. कामे नोंदणीकृत कंत्राटदारांचीच होती. तरीही कालव्यांच्या निकृष्ट कामाची चौकशी करावी लागली, गुन्हे नोंदवावे लागले. कागदावरची पात्रता ही कामाची हमी नव्हे, एवढाच याचा अर्थ. म्हणून पात्रताच नको, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

आपल्याच जिल्ह्याच्या रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे नवजात शिशू कक्षाला आग लागून १० बालके दगावली. बालकांना ऊब देणाऱ्या यंत्रातील ठिणगी हे कारण चौकशीत पुढे आले. पुढे परिचारिकांवर गुन्हे दाखल झाले. राज्यभर अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले; परंतु २३ एप्रिललाच विरार येथील खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात १५ रुग्ण मृत्युमुखी पडले. तेथे संशयाचे बोट वातानुकूलन यंत्रणेकडे गेले.

कायदा नाही, असे नाही. वीजकामाला परवानाधारक कंत्राटदार आणि सक्षमता प्रमाणपत्र असलेला पर्यवेक्षक हवा, हा दंडक १९५६ च्या नियमांपासूनचा आहे. राज्याच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर जानेवारी व जुलैत द्यावे लागते. मात्र त्या संस्थेची निवड करणारा आणि तिचे शुल्क देणारा इमारतीचा मालकच असतो. ज्याचे मीठ खायचे, त्याचेच दोष दाखवायचे, ही अपेक्षा भाबडी आहे.

आणि प्रत्यक्ष पाना हाती धरणारा कोण? धरणाखाली शेत गेलेल्या घरातला, नागपुरात रोजंदारीवर राबणारा मुलगा. काही नव्या यंत्रांत आर-२९० वायू असतो. तो म्हणजे ज्वालाग्राही प्रोपेनच. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत या कामाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, पण तो पूर्ण केलेल्यालाच काम द्यावे, असे बंधन कंत्राटदारावर नाही. मग नफेखोर कंत्राटदार स्वस्त आणि अशिक्षित श्रमच शोधणार, हे अर्थशास्त्राचे साधे गणित आहे.

म्हणून आपली मागणी नेमकी असली पाहिजे. परवाना कंत्राटदारापुरता न राहता कारागिराच्याही नावाचा असावा. अनुभवी कारागिराची परीक्षा विनाशुल्क, मराठीत आणि तालुक्याच्या ठिकाणी व्हावी. प्रशिक्षणकाळात त्याला किमान वेतन मिळावे. तपासणी सरकारी निरीक्षकाने करावी, तिचा अहवाल दारावर लावावा, आणि अपघात झाल्यास पहिला जाब मालक व कंत्राटदार यांना विचारावा. पवनीच्या कार्यकर्त्यांनी आपल्या ग्रामीण रुग्णालयापासूनच आरंभ करावा. यंदाचे प्रमाणपत्र कोणी दिले आणि यंत्रे कोणी बसविली, हे दोन प्रश्न लेखी विचारावेत.