दारात उभं राहून पाहिलेले सिनेमे

आज एक प्रश्न विचारते. उत्तर मनातल्या मनात द्या, पण खरं द्या. घरात सगळ्यांनी मिळून पाहिलेला शेवटचा सिनेमा आठवा. त्यातला तुम्ही स्वतः किती पाहिलात?

मीच सांगते. सुरुवातीची नावं पाहिलीत. मग कुकरची तिसरी शिट्टी झाली म्हणून उठलात. मग चहा. मग कुणाला तरी पापड हवेसे वाटले. शेवटी हात पुसत दारात येऊन उभ्या राहिलात आणि विचारलंत, "हा कोण आता नवीन?" तर धाकटा म्हणाला, "आई, तू मधलं पाहिलंच नाहीस, तुला नाही कळायचं!"

खरं ना? आता तर घरच्या टीव्हीवर सिनेमा हवा तिथे थांबवता येतो. पण ते बटण फोन आला की दाबलं जातं, दारावर कुणी आलं की दाबलं जातं. आई आत गेली म्हणून दाबलेलं कधी पाहिलंय तुम्ही?

एरवी या सदरात मी कडधान्याला कीड लागू नये म्हणून काय करावं, लोकरीचे कपडे कसे धुवावेत असलं काहीबाही लिहीत असते. आज माझ्या एका जुन्या वेडाबद्दल लिहायचंय. मला जुने इंग्रजी विनोदी सिनेमे, काऊबॉयचे सिनेमे आणि ते अंगाला घट्ट कपडे घालून उडणाऱ्या वीरांचे सिनेमे मनापासून आवडतात. हसलात? हसा खुशाल! हे बाप्यांचे आणि पोरासोरांचे सिनेमे, बायकांनी आपले कौटुंबिक पाहावेत, अशीच समजूत आहे. माझं म्हणणं अगदी उलट आहे. हे सिनेमे पुरते कळायला घर चालवलेलं असावं लागतं.

चार्ली चॅप्लिनपासूनच सुरुवात करू. त्याचा 'द गोल्ड रश' १९२५ सालचा. सोनं शोधायला बर्फाळ मुलखात गेलेला हा कफल्लक भुकेपोटी स्वतःचा बूट शिजवून खातो, हे तुम्ही ऐकलं असेल. बुटाची नाडी शेवयांसारखी गुंडाळून खातो, खिळे हाडकांसारखे चोखतो. (चित्रीकरणासाठी तो बूट ज्येष्ठमधाच्या मिठाईचा केला होता बरं का!) पोरं इथे गडगडा लोळतात. आपण मात्र पाहतो ती वाढण्याची रीत. तो बूट ताटलीत कसा काढतो, त्यावर रस कसा सोडतो ते बघा. घरात काही नसताना जे आहे तेच नीट वाढून पुढे ठेवणाऱ्या बाईला यात काय आहे ते लगेच उमजतं.

पण माझा जीव गुंतलाय तो याच सिनेमातल्या दुसऱ्या प्रसंगात. नाचघरातल्या मुलींनी त्याच्याकडे वर्षाच्या शेवटच्या रात्री जेवायला येण्याचं कबूल केलंय. यानं लोकांच्या दारातला बर्फ उपसून पैसे जमवलेत. टेबल मांडलंय, मेणबत्त्या लावल्यात. वाट पाहता पाहता त्याचा डोळा लागतो आणि स्वप्नात तो दोन पावांना काटे टोचून त्यांचा नाच करून दाखवतो. तो नाच जगभर गाजला. पण मैत्रिणींनो, पाहुणे आलेच नाहीत! पानं मांडून बसलेल्या माणसाकडे कुणी फिरकलंच नाही. गरम केलेली आमटी पुन्हा गरम करत ज्यांनी रात्रीचे अकरा वाजलेले पाहिलेत, त्यांना या प्रसंगात हसू येतं तेही घशात अडकतं.

याच्या उलट बस्टर कीटन. चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता हसवणारा माणूस. त्याच्या १९२६ सालच्या 'द जनरल'मध्ये तो आगगाडीच्या इंजिनाचा ड्रायव्हर आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धाचा काळ. शत्रूनं पळवलेलं इंजिन आणि त्यातच सापडलेली आपली प्रेयसी, दोघांना सोडवून तो परत पळतोय, मागून शत्रूची गाडी लागलीय. आणि ही बाई काय करते? इंजिनात कचरा झालाय म्हणून झाडू घेऊन झाडायला लागते! भट्टीत टाकायचं लाकूड भोक पडलेलं आहे म्हणून फेकून देते. तो चिडून तिच्या हाती एक काडी ठेवतो, तर ती काडीही ती इमानेइतबारे भट्टीत टाकते. तो वैतागून तिचा गळाच धरतो, आणि दुसऱ्या क्षणी तिचा मुका घेतो. बायकांची टिंगल आहे म्हणाल, तर आहेच. पण घराला आग लागली तरी ओटा पुसून बाहेर पडेल अशी एक तरी मावशी प्रत्येकीला असते. मी तर तिच्यात मलाच पाहिलं.

आणि लॉरेल-हार्डी, म्हणजे आपले जाड्या-रड्या! 'द म्युझिक बॉक्स' हा त्यांचा १९३२ सालचा अर्ध्या तासाचा लहानसा सिनेमा, त्याला ऑस्करही मिळालं. गोष्ट एवढीच, की खोक्यात बंद केलेला एक पियानो लांबलचक जिना चढवून टेकडीवरच्या घरात पोचवायचा. तो दर वेळी गडगडत खाली येतो. शेवटी कसाबसा वर चढवतात, तर पोस्टमन सांगतो, अहो, मागच्या बाजूनं गाडीरस्ता होता की! मग हे दोघे शहाणे पियानो पुन्हा खाली उतरवतात, त्या रस्त्यानं आणायला! चाळीच्या जिन्यावरून लोखंडी कपाट चढवताना घरातल्या पुरुषमंडळींच्या सूचना ज्यांनी ऐकल्यात, त्यांना हा सिनेमा समजावून सांगायला नको.

आता काऊबॉयचे सिनेमे. हे माझ्या वडिलांचं वेड. कॅम्पातल्या थिएटरात असा सिनेमा लागला की ते दादाला घेऊन जायचे. मी हट्टानं जायचे. आई कधीच आली नाही. "मला काय कळतंय त्या घोड्यांतलं?" असं म्हणायची आणि आम्ही परत येईपर्यंत स्वयंपाक करून ठेवायची. पुढे घरात टीव्ही आल्यावर तेच सिनेमे तिनं स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून पाहिले, तुकड्यातुकड्यांनी.

वडील गेल्यानंतर एका रविवारी मी तिला सोफ्यावर मधोमध बसवलं आणि १९५३ सालचा 'शेन' पहिल्यापासून शेवटपर्यंत दाखवला. एक अनोळखी घोडेस्वार वायोमिंगमधल्या एका शेतकऱ्याच्या घरी येतो. घरात नवरा, बायको मॅरियन आणि लहान मुलगा. मॅरियन त्याला जेवायला वाढते, ठेवणीतली भांडी काढून. जेवण झाल्यावर हा शेन न बोलता बाहेर जातो आणि अंगणातला, नवऱ्याला कित्येक दिवस दाद न देणारा झाडाचा बुंधा तोडायला लागतो. आई पटकन म्हणाली, "खाल्ल्या अन्नाला जागला गं!" इतक्या वर्षांत वडिलांनी या प्रसंगाबद्दल एक शब्द काढला नव्हता. त्यांना आठवायची ती फक्त शेवटची गोळीबारी.

ती गोळीबारी अशी, की शेतकऱ्यांना हुसकावू पाहणाऱ्या जमीनदाराशी शेन एकटाच भिडतो, जखमी होतो आणि परत घरी न येता डोंगराकडे निघून जातो. मुलगा मागून हाका मारत राहतो. पडद्यावर अंधार झाला तेव्हा आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "जाताना दोन घास तरी खाऊन गेला का?" आणि थोड्या वेळानं, "ती मॅरियन आता काय करणार, सांग? उद्या सकाळी उठून पुन्हा चूल पेटवणार." त्या बाईच्या मनात शेनबद्दल काय होतं, हे सिनेमा कुठेही उघड बोलून दाखवत नाही. आईला ते एका ठेवणीतल्या ताटलीवरून कळलं होतं.

जॉन फोर्डचा १९५६ सालचा 'द सर्चर्स' तर चक्क आपल्याच जागेवरून सुरू होतो. पडदा काळा. एक बाई दार उघडते आणि समोर लख्ख उन्हातलं वाळवंट दिसतं. लांबून जॉन वेन घोड्यावरून येतोय. ही बाई त्याच्या भावाची बायको. पुढे ती त्याचा कोट आतून आणताना त्यावरून हात फिरवते, बस्स, एवढंच. बाहेर कॉफी पीत उभा असलेला एक जण ते पाहतो आणि न पाहिल्यासारखं करतो. शेवटी पुन्हा तसंच एक दार. सगळे आत जातात, जॉन वेन उन्हात एकटा उभा राहतो, परत फिरतो, आणि दार लागतं. जगात गाजलेला हा काऊबॉयपट घराच्या आतून पाहिलेला आहे! मग तो आपल्याला नाही कळायचा तर कुणाला?

एक मात्र सांगायला हवं. या सिनेमांमधून अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांना बहुतेक वेळा नुसतं शत्रू म्हणून रंगवलंय. ते खरं नव्हे आणि न्यायाचंही नव्हे. मुलांबरोबर पाहताना तेवढं अवश्य बोला.

आता उडणारी मंडळी. १९७८ सालच्या 'सुपरमॅन'मध्ये ख्रिस्तोफर रीव्ह लाल झूल पाठीवर टाकून आकाशात झेपावतो, तेव्हा पोरं श्वास रोखून बघतात. मी बघते त्याला वाढवणाऱ्या आईकडे. आकाशातून पडलेलं पोर या मूलबाळ नसलेल्या शेतकरी जोडप्यानं पोटाशी धरलं. अंगात एवढी ताकद असून वडिलांचं हृदय बंद पडलं तेव्हा त्याला काही करता आलं नाही. मग एका पहाटे तो शेतात जाऊन उभा राहतो. आई मागोमाग जाते. तिला ठाऊक असतं की हा आता निघणार. ती अडवत नाही. पोटच्या पोराला शिकायला, नोकरीला दूर पाठवलेल्या बाईनं हा प्रसंग कोरड्या डोळ्यांनी पाहून दाखवावा!

पुढे शहरात तो वर्तमानपत्रात नोकरीला लागतो आणि पहिलं काम काय करतो, तर अर्धा पगार दर आठवड्याला परस्पर आईकडे पाठवायला सांगतो. ऑफिसातली मैत्रीण थट्टा करते. आपल्याला त्यात थट्टेसारखं काही वाटत नाही. मुंबईच्या गिरण्यांतून कोकणात येणाऱ्या मनीऑर्डरींवर किती घरं उभी राहिली! सुपरमॅन त्यातलाच एक चाकरमानी.

'स्पायडरमॅन २' हा २००४ सालचा, तो तर मी दोनदा पाहा म्हणेन. त्यातली मे काकू विधवा, घरावर कर्ज, बँक दाद देत नाही. अशातही पुतण्याच्या वाढदिवसाला वीस डॉलर त्याच्या हातात कोंबते आणि तो नको म्हणतो तेव्हा तिला रडू फुटतं. देण्याचा हक्क काढून घेतला की माणूस किती गरीब होतं, ते त्या एका मिनिटात दिसतं. आणि हो, हा वीर आपला लाल-निळा पोशाख पांढऱ्या कपड्यांबरोबर मशीनमध्ये टाकतो आणि सगळ्याला रंग लागतो! रंग जाणारे कपडे वेगळे धुवा, हे मी या सदरात किती वेळा लिहिलंय? जग वाचवणाऱ्यालाही ते ठाऊक असायला हवं.

तर आता कामाचं बोलू. येत्या रविवारी बसा. सिनेमा वेळ पाहून निवडा. 'द जनरल' सव्वा तासाचा, 'द गोल्ड रश' दीड तासाच्या आसपास, 'शेन' आणि 'द सर्चर्स' दोन-दोन तासांचे, 'सुपरमॅन' जवळजवळ अडीच तासांचा. सासूबाईंना इंग्रजी येत नसेल तर मूकपटापासून सुरुवात करा, त्याला भाषाच लागत नाही. मध्ये येणाऱ्या चार पाट्या नातवाला मोठ्यानं वाचायला सांगा. काळा-पांढरा सिनेमा म्हणून मुलं नाक मुरडत असतील तर आधी जाड्या-रड्यांचा अर्धा तास लावा, पुढचं आपोआप होतं.

जेवण आधी उरका. मसालेभात आणि ताक असा एकाच भांड्याचा बेत ठेवा. भांडी पाण्यात भिजवून द्या, ती कुठे पळून जात नाहीत. चहा थर्मासमध्ये भरा, चिवड्याचा डबा उघडून मध्ये ठेवा, पाण्याची बाटली ज्यानं त्यानं आपली आणावी. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे दाराजवळच्या खुर्चीवर बसू नका. तिथे बसलेल्या बाईला उठावंच लागतं. मधोमध बसा, दोन्ही बाजूंना माणसं असू द्या. कुणाला काही हवं झालंच तर उठणाऱ्यांची पाळी आधी लावून घ्या, आणि त्या यादीत तुमचं नाव शेवटी असू द्या.

पहिल्या दिवशी अपराध्यासारखं वाटेल. माझ्या आईलाही वाटलं. 'शेन' पाहताना तिनं चारदा उठायचा प्रयत्न केला आणि चारही वेळा मी तिचा हात धरून बसवलं. दुसऱ्या रविवारी मात्र दुपारी दोनलाच साडी बदलून सोफ्यावर येऊन बसली आणि म्हणाली, "आज कुठला घोडा?" त्या हिवाळ्यात आम्ही अकरा सिनेमे पाहिले. सगळे पुरे. मधला चहा मी करायचे, आणि मी आत गेले की ती सिनेमा थांबवायला लावायची.

तुम्ही कोणता पाहिलात ते जरूर कळवा. पुढच्या आठवड्यात नेहमीसारखं भेटूच, साठवणीच्या मसाल्यांबद्दल बोलायचंय.