संग्रहालयशास्त्राचे अभ्यासक्रम आणि मराठीचा विद्यार्थी

मराठी घेऊन एम. ए. झालेला विद्यार्थी नेट-सेटच्या तयारीत वर्षे घालवतो किंवा तासिका तत्त्वावर अध्यापन करीत राहतो, हे या नियतकालिकाच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. अशांपैकी काही जण आता संग्रहालयशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांची चौकशी करू लागले आहेत. भंडारा जिल्ह्यासारख्या ठिकाणाहून ही चौकशी व्हावी, ही स्वागतार्ह गोष्ट होय. मात्र ती बहुधा शुल्क, वसतिगृह आणि नोकरीची शाश्वती यांपुरतीच असते. हे प्रश्न गौण नाहीत. परंतु त्यांतून तुलना होते ती खर्चाची, अभ्यासक्रमांची नव्हे.

अभ्यासक्रम कोठे वाढला, हे प्रथम पाहावे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५२ साली सुरू झालेला संग्रहालयशास्त्र विभाग हा देशातील पहिला. तो ललित कला विद्याशाखेत आहे आणि सयाजीरावांनी उभारलेले, १८९४ पासूनचे संग्रहालय त्याच शहरात आहे. या दोन्ही गोष्टींचा परिणाम शिक्षणावर होतो. वस्तूचे रूप, घडण व मांडणी यांकडे पाहण्याची दृष्टी तेथे सहज येते आणि दोन वर्षांच्या पदवीत प्रबंधिकेला अवकाश मिळतो. कलकत्ता विद्यापीठात हा विषय १९५९ च्या सुमारास आला. त्याच विद्यापीठाचे आशुतोष संग्रहालय १९३७ पासून होतेच. दिल्लीची राष्ट्रीय संग्रहालय संस्था १९८९ मध्ये अभिमत विद्यापीठ झाली. कलेतिहास, जतनशास्त्र आणि संग्रहालयशास्त्र हे तीन विषय तेथे शेजारी शेजारी शिकविले गेले. पुढे ही संस्था नोएडाला गेली व भारतीय वारसा संस्था या नावाने ओळखली जाऊ लागली. महाराष्ट्रात मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय मुंबई विद्यापीठाशी संलग्न अशी संग्रहालयशास्त्र व जतन या विषयातील पदव्युत्तर पदविका चालविते. हे शिक्षण प्रत्यक्ष संग्रहालयाच्या आवारात होते, हा तिचा मोठा गुण. परदेशी लेस्टर विद्यापीठाचा १९६६ पासूनचा विभाग प्रसिद्ध आहे. संग्रहालय समाजाशी कसे बोलते हा प्रश्न त्याने विशेष लावून धरला. पण तेथील खर्चाचा विचार करता तो आपल्या बहुसंख्य विद्यार्थ्यांच्या आवाक्याबाहेरचाच राहणार.

ज्यास संशोधन करावयाचे आहे त्याने बडोद्याकडे पाहावे आणि ज्यास लवकर कामास लागावयाचे आहे त्याने मुंबईकडे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पण हे मत देऊन विषय संपत नाही. या अभ्यासक्रमांचे अध्यापन मुख्यतः इंग्रजीतून होते आणि त्यांत भाषेचा विचार आला तरी तो वस्तूखालच्या सूचनापट्टीपुरता येतो. मराठीच्या विद्यार्थ्याने तुलना करावयाची ती नेमक्या या ठिकाणी. त्याच्याजवळ जे ज्ञान आधीच आहे, त्यास त्या अभ्यासक्रमात काही काम आहे काय?

पवनीचे उदाहरण घेऊ. नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी १९६९-७० मध्ये तेथे उत्खनन केले. शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांचा अहवाल १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि वैनगंगेकाठचे हे गाव बौद्ध स्तूपांसाठी अभ्यासकांना ठाऊक झाले. याच पवनीस सापडलेला महाक्षत्रप रूपिअम्माचा स्मृतिस्तंभ नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात आहे. त्यावरील प्राकृत लेखात स्तंभासाठी ‘छायाखंभ’ असा शब्द येतो. पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्यास त्यात क्षत्रपांच्या सत्तेचा विस्तार दिसेल आणि ते योग्यच आहे. पण ‘स्कंभ’, ‘खंभ’, ‘खांब’ ही परंपरा मराठीच्या विद्यार्थ्यास एका दृष्टिक्षेपात दिसते. पवनीच्या शाळकरी मुलास तो दगड आपला वाटावा, यासाठी याहून जवळची वाट कोणती? ती वाट दाखविणारी चार वाक्ये शुद्ध व सुबोध मराठीत लिहिणे हे विद्वत्तेचेच काम आहे. ते इंग्रजी मजकुराच्या भाषांतरावर सोडले, की ‘शिल्प, दगड, अमुक शतक’ एवढेच हाती लागते. नागपूरकर १८६३ सालच्या त्या संग्रहालयास अजूनही अजब बंगला म्हणतात, यात कौतुक आहे तसे अंतरही आहे.

दगडाचे तरी निभावते. झाडीपट्टीतील रोजच्या वापराच्या वस्तूंचे तसे नाही. बोडी, पाळ, तलावातून पाणी सोडण्याची तुडूम. ऐनाच्या झाडावर कोसा वाढविणाऱ्या ढिवरांचे आणि तो विणणाऱ्या कोष्ट्यांचे शब्द. भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांची नावे. दंडारीतील वाद्ये आणि वेषभूषा. यांतील वस्तू संग्रहालयात ठेवता येईल, पण तिचे नाव आणि ते नाव घेणारे वाक्य नोंदले नाही तर वस्तू मुकी होते. बोलीच्या अभ्यासकाने गोळा केलेली शब्दसूची आणि संग्रहालयाची नोंदवही ही एकाच कामाची दोन अंगे आहेत, हे दोन्ही बाजूंनी अद्याप पुरेसे ओळखलेले नाही. पुण्यात दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, दौती जमवून जे संग्रहालय उभे केले त्याचा कर्ता ‘अज्ञातवासी’ या नावाने लिहिणारा कवी होता, हे मराठी विभागांनी तरी विसरू नये.

संग्रहालयशास्त्र हे तंत्र आहे. आर्द्रता, कीड, प्रकाश यांचे ज्ञान भाषेच्या पदवीने येत नाही, असा आक्षेप यावर घेतला जाईल. तो खरा आहे आणि म्हणूनच बडोद्यास किंवा मुंबईस जावयाचे. परंतु आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने २०२२ मध्ये प्राग येथे स्वीकारलेल्या व्याख्येत समाजाच्या सहभागास स्थान आहे. आमच्या जिल्ह्यातील समाज जी भाषा बोलतो ती समजल्यावाचून हा सहभाग कसा घडणार?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी एम. फिल. बंद झाली आणि बोलींवरील छोट्या अभ्यासांची एक जागा गेली. त्यानंतर महाराष्ट्रात लागू झालेल्या पदव्युत्तर आराखड्यात मात्र कार्यप्रशिक्षण, क्षेत्रकार्य आणि संशोधन प्रकल्प यांना श्रेयांक आहेत. बहुतेक ठिकाणी ते कसेबसे उरकले जातात. त्याऐवजी मराठीच्या विद्यार्थ्याने एखाद्या गावातील चाळीस वस्तू घ्याव्यात. प्रत्येकीचे स्थानिक नाव, माप, उपयोग, सांगणाऱ्याचे वाक्य आणि छायाचित्र अशी नोंद करून ती वही विभागाच्या ग्रंथालयात ठेवावी. पुढे संग्रहालयशास्त्राच्या प्रवेशासाठी जाताना तीच वही सोबत न्यावी आणि तेथील अध्यापकांना विचारावे, की हे काम आपल्याकडे प्रबंधिकेपर्यंत नेता येईल काय. वेगवेगळ्या विभागांकडून येणारी उत्तरे शुल्काच्या रकान्याशेजारी लिहून ठेवावीत.