पांढरा धूर आणि खरें निदान

जुन्या मोटारीच्या मागील नळींतून पांढरा धूर निघूं लागला कीं, पाहणारांचीं मतें तात्काळ तयार होतात. कोणी म्हणतो, "इंजिन गेलें", कोणी म्हणतो, "जुनी गाडी आहे, चालायचेंच." आमच्या मतें हीं दोन्ही मतें सारखींच आळशी आहेत. एक भीतीनें व दुसरें बेफिकिरीनें पाहण्याचे श्रम टाळतें. निदान ही केवळ मिस्त्रीची विद्या नव्हे. ती प्रत्येक विद्यार्थ्यानें अंगीं बाणवावी अशी विचाराची शिस्त आहे, हें आम्हांस येथें सांगावयाचें आहे.

उदाहरणासाठीं प्रीमियर पद्मिनी घेऊं. मुंबईस कुर्ला येथें फियाट ११०० च्या धर्तीवर बनलेली ही गाडी आमच्या बालवाचकांच्या आजोबांस चांगली परिचयाची असेल. २०२३ सालच्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून तिची टॅक्सी कायमची गेली. तथापि हौशी लोकांनीं जतन केलेल्या कांहीं गाड्या अद्याप चालत आहेत. तिच्या इंजिनास चार सिलिंडर असून त्यांचें एकूण आकारमान १०८९ घन सेंटिमीटर आहे. खालचा ब्लॉक बिडाचा आणि वरचें हेड ॲल्युमिनियमचें आहे, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

प्रथम हें पाहावें कीं, दिसतो तो धूर आहे कीं वाफ. पेट्रोलमध्यें कार्बन व हायड्रोजन असतात. जळतांना हायड्रोजनाचा प्राणवायूशीं संयोग होऊन पाणी बनतें; एक लिटर पेट्रोल जळालें असतां सुमारें एक लिटर पाणी निर्माण होतें! थंडीच्या सकाळीं तें थंड नळींत निवून पांढरें दिसतें व कांहीं थेंब टपकतात. इंजिन व नळी तापली कीं तें दिसेनासें होतें. हा रोगच नव्हे. रसायनशास्त्राचा पाठ आहे. निळसर धूर तेल जळत असल्याचा व काळा धूर पेट्रोल अधिक जात असल्याचा सूचक असतो.

परंतु गाडी पुरती तापल्यावरही दाट पांढरा लोट निघत राहिला व रेडिएटरांतील पाणी दररोज कमी होऊं लागलें, तर पाणी सिलिंडरांत शिरत असल्याचा संशय घेण्यास जागा आहे. उष्णतेनें ॲल्युमिनियम बिडाच्या सुमारें दुप्पट प्रसरण पावतें. इंजिन एकदां अतिशय तापलें कीं हेड वांकतें, मधलें गॅस्केट दगा देतें, किंवा क्वचित् हेडास चीर पडते.

तरीही लगेच हेड उघडूं नये. आधीं साक्षी गोळा कराव्या. इंजिन पूर्ण थंड असतां रेडिएटरचें झाकण काढून तें सुरू करावें. पाण्यांत सतत बुडबुडे आले तर सिलिंडरांतील वायु तेथें पोंचत आहे. तेलाची पट्टी काढून पाहावी. तेल दुधाळ झालें असेल तर पाणी त्यांतही गेलें आहे. मात्र केवळ तेलाच्या झाकणाखालीं थोडा फेंस दिसला, तर तो लहान लहान फेऱ्या करणाऱ्या गाडींत साचलेल्या दंवाचाही असूं शकतो. प्लग काढून पाहावे. एकच प्लग धुतल्यासारखा स्वच्छ असेल तर दोष त्याच सिलिंडरांत असण्याचा संभव मोठा. शेवटीं कॉम्प्रेशन मोजावें. शेजारचे दोन सिलिंडर सारखेच दुबळे निघाले तर त्यांच्या मधलें गॅस्केट फुटलें असावें. एक साक्ष पुरावा होत नाहीं. तीन जुळल्या कीं निर्णय करावा.

कांहीं जुन्या गाड्यांत ब्रेकला इंजिनाच्या ओढीवर चालणारें साहाय्यक यंत्र असतें. त्यांतून ब्रेकचें तेल इंजिनांत ओढलें गेलें तरी असाच पांढरा धूर निघतो. मात्र तेव्हां रेडिएटर भरलेला व ब्रेकच्या तेलाची डबी रिकामी होत असते. अशा वेळीं हेड उतरविणारा मिस्त्री मालकाचे पैसे व्यर्थ घालवील, आणि ब्रेक निकामी राहिल्यानें प्राणांवरही बेतेल.

कोणी म्हणेल, "एवढी चौकशी कशाला? उघडून पाहिलें कीं झालें." परंतु उघडण्यास मजुरी लागते, नवें गॅस्केट लागतें, व गंजलेले बोल्ट तुटले तर नवेंच संकट उभें राहतें. उलट, दुर्लक्ष त्याहून महाग पडतें. पाणी तेलांत मिसळलें कीं बेअरिंगें झिजतात. आणि पाणी दाबलें जात नसल्यामुळें सिलिंडर भरला तर पिस्टनचा दांडाही वांकतो. रेडिएटरांत गळती बुजविणारी पूड टाकणें म्हणजे दोष झांकणें होय. तिनें रेडिएटरच्या बारीक नळ्याही तुंबतात.

मुलांस दोन ताकिदी द्यावयाच्या आहेत. तापलेल्या रेडिएटरचें झाकण कधींही उघडूं नये. दाबाखालचें पाणी उसळून अंग भाजतें. आणि बंद खोलींत इंजिन चालू ठेवूं नये. त्यांतील कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूस रंग नाहीं, वासही नाहीं. जो धूर दिसतो त्याहून न दिसणारा वायु अधिक घातक, हें कायम स्मरावें.

पालकांसही आमची एक विनंति आहे. प्रगतिपुस्तकांत एका विषयाचे गुण घसरले कीं मुलगा वाया गेला असें ठरविणारे, किंवा "वयच तसें" म्हणून सोडून देणारे, दोघेही धुराकडे पाहूनच निकाल देतात. मूल तापलें आहे कीं केवळ थंडींत सुरू झालें आहे, हें शांतपणें पाहावें, विचारावें, शिक्षकांशीं बोलावें, व मगच हातीं पाना घ्यावा. सत्याचा शोध घेण्यास वेळ लागतो. पण तो वेळ देणें हें यंत्राचें जसें, तसेंच माणसाचेंही आपल्यावरील ऋण आहे.